सॅक्सोफोनला दाराबाहेर का ठेवता?

सॅक्सोफोन हे हॉटेलातले, नाचगाण्यातले आणि वरातीतले वाद्य आहे, त्याला पवित्र मिस्सेत स्थान नाही, असे मत आपल्या समाजात फार दिवसांपासून रुजलेले आहे. हे मत मांडणारी मंडळी भाविक आहेत, रविवार न चुकविणारी आहेत, आणि त्यांच्या हेतूविषयी आम्हाला तिळमात्र शंका नाही. परंतु हेतू शुद्ध असला म्हणजे मत बरोबर असतेच असे नाही. हे मत अज्ञानातून आलेले आहे, ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचा त्याला आधार नाही, आणि त्यापायी आपल्याच माणसांवर अन्याय होत आहे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे.

प्रथम या वाद्याचे कुळ पाहू. बेल्जियमच्या आदोल्फ साक्स या कारागिराने ते घडविले आणि १८४६ साली पॅरिसमध्ये त्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे असले तरी त्याचा आवाज पितळेतून नव्हे, तर मुखाशी बसविलेल्या वेळूच्या एका पातळ पातीतून निघतो. म्हणून संगीतशास्त्रज्ञ त्याची गणना बासरी-क्लॅरिनेटच्या कुटुंबात करतात. ओठाच्या दाबाने आणि श्वासाने स्वर वाकविता येतो, मींड घेता येते, हुंदकाही काढता येतो. मानवी कंठाच्या इतके जवळ जाणारी वाद्ये थोडी आहेत. आता दुसरी गोष्ट. जिच्यावाचून आपली एकही भक्तिसभा पार पडत नाही ती पेटी, म्हणजे हार्मोनियम, तीही त्याच पॅरिस शहरात आणि त्याच दशकात जन्मली. दोघी भावंडेच म्हणा ना! त्यांतले एक वेदीशेजारी सतरंजीवर बसते आणि दुसऱ्याला आवाराच्या फाटकापाशी अडविले जाते. पेटीलाही सुखासुखी मान मिळालेला नाही. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिला परकी ठरवून बाहेर काढले होते, आणि १९७१ पर्यंत ती बंदी उठली नव्हती. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगांची आणि कीर्तनाची वाट धरली, ती आज आपल्याला किती आपलीशी वाटते! वाद्याला आणि चालीला जात चिकटविण्याची ही खोड जुनी आहे. कधी ती म्हणते, हे हिंदूंचे. कधी म्हणते, हे साहेबाचे. आता म्हणते, हे बारमधले.

काही जण तर ठासून सांगतात की पोप महाशयांनीच सॅक्सोफोनवर बंदी घातली होती. मूळ लेख उघडून पाहावेत. संत पायस दहावे यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संत सिसिलियाच्या सणाच्या दिवशी, उपासना-संगीताविषयी जे आज्ञापत्र काढले त्यात पियानो निषिद्ध आहे, ढोल-झांजांसारखी गोंगाटी वाद्ये निषिद्ध आहेत, चर्चमध्ये बँड वाजविणेही निषिद्ध आहे. सॅक्सोफोनचे नाव मात्र त्यात नाही. उलट विशेष प्रसंगी बिशपांच्या अनुमतीने, बेताच्या संख्येने आणि गंभीर शैलीत फुंकवाद्ये वापरण्यास त्यात मोकळीक आहे. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ साली उपासनेविषयीचे संविधान दिले. त्याच्या १२० व्या कलमात पाइप ऑर्गनचा गौरव आहेच. पण इतर वाद्येही तेथील अधिकाऱ्यांच्या संमतीने घेता येतील असे म्हटले आहे. अट एवढीच की ती पवित्र कार्याला योग्य असावीत वा तशी करून घेता यावीत, मंदिराच्या प्रतिष्ठेला शोभावीत आणि भाविकांच्या उन्नतीस साहाय्यक व्हावीत. 'तशी करून घेता यावीत' हा भाग आपल्याकडे कोणी वाचीतच नाही. वाद्य पवित्र की अपवित्र हे त्याच्या धातूवर किंवा पूर्वचरित्रावर ठरत नाही. ते ज्या हातात आहे त्या हातांवर ठरते.

ज्यांना हे पटत नसेल त्यांनी जॉन कोल्ट्रेन या अमेरिकन निग्रो वादकाचे आयुष्य पाहावे. 'निग्रो' हा जुना शब्द आता तिकडे अवमानाचा मानतात, म्हणून आपणही 'कृष्णवर्णीय' म्हणू. जन्म २३ सप्टेंबर १९२६, नॉर्थ कॅरोलिना राज्यात. दोन्ही आजोबा मेथॉडिस्ट पंथाचे पाळक. वडील शिंपीकाम करीत. मुलगा बारा वर्षांचा असताना वडील गेले, आणि त्याच सुमारास आजोबाही. आईने परक्यांच्या घरी कामे करून संसार ओढला. फिलाडेल्फियात जाऊन तो सॅक्सोफोन शिकला, नाव कमावू लागला, आणि त्याबरोबर हेरॉइनच्या आणि दारूच्या आहारी गेला. माइल्स डेव्हिस यांच्यासारख्या नामांकित ट्रम्पेटवादकाने १९५७ साली त्याला आपल्या चमूतून काढून टाकले. इथपर्यंतची कथा ऐकून आपली मंडळी माना डोलावतील, 'आम्ही म्हणत नव्हतो?' पण कथा इथे संपत नाही. त्याच वर्षी कोल्ट्रेन यांनी आईच्या घरी राहून, कोणत्याही औषधाचा टेकू न घेता, व्यसन सोडले. त्या काळात देवाच्या कृपेने आपल्याला आध्यात्मिक जागृती लाभली, आणि आपल्या संगीताने इतरांना आनंद देण्याची बुद्धी व्हावी अशी प्रार्थना आपण केली, असे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे.

ते लिहिले आहे 'अ लव्ह सुप्रीम' या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर. ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीतील एका स्टुडिओत, पियानोवर मॅकॉय टायनर, बासवर जिमी गॅरिसन आणि ड्रमवर एल्विन जोन्स यांना घेऊन, त्यांनी ही चार भागांची रचना एकाच दिवशी ध्वनिमुद्रित केली. कृतज्ञतेची कबुली, निश्चय, साधना आणि स्तोत्र असा तिचा क्रम आहे. पहिल्या भागात चार स्वरांचा एक छोटासा बोल बासवर सुरू होतो. पुढे सॅक्सोफोन तोच बोल एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत, दुसरीतून तिसरीत घेऊन हिंडतो, आणि अखेरीस तोच बोल माणसांच्या तोंडी नामस्मरणासारखा पुनःपुन्हा येतो. आपल्याकडे रोझरी म्हणणाऱ्यांना पुनरुक्तीची ही गोडी वेगळी समजावून सांगावी लागू नये.

चौथा भाग याहून विलक्षण आहे. कोल्ट्रेन यांनी देवाला उद्देशून एक कविता लिहिली होती. ती वेष्टनावर छापलेली आहे. या भागात ते ती कविता शब्दशः वाजवितात. कंठाने एकही अक्षर उच्चारलेले नाही. सॅक्सोफोनच ती वाचतो. एका स्वरावर ठरून, त्या स्वरावर शब्द म्हणून, ओळीच्या शेवटी तो खाली उतरतो. सेमिनरीत ज्यांनी लॅटिन स्तोत्रांचे पठण केले आहे त्यांना ही चाल ऐकताक्षणी ओळखू यावी. आम्हाला ती ओळखू आली. स्तोत्रपठणाची ती शतकानुशतकांची रीत एका कृष्णवर्णीय जॅझवादकाच्या श्वासातून ऐकताना हे वाद्य 'बारमधले' आहे हे स्मरणात राहत नाही.

त्याआधी १९६३ च्या सप्टेंबरात अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथे वंशद्वेष्ट्यांनी एका चर्चमध्ये बॉम्बस्फोट घडविला आणि त्यात चार लहान मुली ठार झाल्या. दोन महिन्यांनी कोल्ट्रेन यांनी 'अलाबामा' ही रचना ध्वनिमुद्रित केली. तिच्यात रागाचा आक्रोश नाही. मृतांजवळ बसून केलेला संथ विलाप आहे. १७ जुलै १९६७ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, यकृताच्या कर्करोगाने ते गेले. न्यूयॉर्कमधील सेंट पीटर्स लूथरन चर्चमध्ये त्यांचा अंत्यविधी झाला तेव्हा ऑर्नेट कोलमन आणि अल्बर्ट आयलर या सॅक्सोफोनवादकांनी आपल्या चमूंसह चर्चमध्येच वादन केले. कोल्ट्रेन यांची श्रद्धा पुढे पुढे सर्व धर्मांना कवेत घेऊ पाहणारी झाली आणि ती आपल्या चौकटीत बसत नाही, हे आम्ही लपवीत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांना संत मानणारे एक चर्चच उभे राहिले. हा अतिरेक आम्हाला मान्य नाही. पण प्रार्थना ही प्रार्थनाच असते.

हे सारे दूरदेशीचे झाले असे कोणी म्हणेल, तर घरचेच पाहू. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३९ पासून सुमारे दोन दशके ज्यांचा वाद्यवृंद वाजत होता ते सॅक्सोफोनवादक मिकी कोरिया. 'अलबेला' (१९५१) चित्रपटात आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर दिसणारे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ. आणि ब्राझ गोन्साल्विस, हे सारे गोवेकर ख्रिस्ती परंपरेतले. त्या परंपरेचे मूळ हॉटेलात नाही. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील धर्मग्रामशाळांत मेस्त्री मुलांना स्वरलिपी शिकवीत, व्हायोलिन हाती देत, गायकवृंदात उभे करीत. चर्चने शिकविले, पण पोटाला देण्याइतके चर्चजवळ नव्हते. म्हणून ही मुले संस्थानिकांच्या बँडमध्ये गेली, लष्करात गेली, सर्कशीत गेली, मुंबईच्या हॉटेलांत गेली, आणि पुढे चित्रपटांच्या स्टुडिओंत गेली. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या ज्या गाण्यांवर महाराष्ट्र डोलला त्यांच्यामागे हे हात होते. तबकडीवर नाव गायकाचे, संगीतकाराचे. वादकाचे नाव नाही. आंतोनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक खरोखरच होऊन गेले (१९२७-२०१२), ते प्यारेलालांचे गुरू होते, आणि १९५८ साली त्यांनी भारतीय रागांवर आधारलेल्या रचना सिंफनी वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या होत्या. आपल्या लग्नांत त्यांच्या नावाच्या गाण्यावर नाचणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

ब्राझ गोन्साल्विस यांनी तर रागदारी सॅक्सोफोनवर आणण्याचा ध्यास घेतला. कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवर 'ब्लू फॉक्स'मध्ये ते लुई बँक्स यांच्यासोबत वाजवीत. १९७० साली त्यांच्या चमूची 'राग रॉक' ही ध्वनिमुद्रिका निघाली. शीर्षक ऐकून धांगडधिंगा असेल असे वाटते. प्रत्यक्षात तो एका कॅथलिक वादकाने आपल्या मातीच्या स्वरांशी केलेला प्रामाणिक संवाद आहे. उपासनेचे भारतीयीकरण कसे करावे यावर आपण परिसंवाद भरवितो, ठराव करतो. आणि जे काम एका वादकाने परिषद संपून पाच वर्षे होतात न होतात तोच सुरू केले होते, त्याची आपल्या एकाही गायकवृंदाला वार्ता नसते.

आणि आता यावलकडे वळू. खानदेशात सॅक्सोफोन परका नाही. लगीनसराईत लाल कोट आणि सोनेरी झालरी घातलेली बँडपथके गावोगाव फिरत असत. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन ही वाद्ये येथील शेतमजुरालाही नावानिशी ठाऊक आहेत. डीजेने त्यांची रोटी हिरावली तरी काही पथके तग धरून आहेत. अशाच एका पथकातला, यावल तालुक्यातला, आपल्यापैकीच एक तरुण. लग्नाच्या तिथी असतील तेव्हा सॅक्सोफोन, एरवी केळीच्या मळ्यात घड वाहण्याचे काम. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेत 'सायलेंट नाइट'ची चाल वाजवावी अशी त्याची इच्छा होती. कोणी न शिकविता, केवळ ऐकून त्याने ती बसविली होती. खानदेशातल्या त्या धर्मग्रामात आधी होकार मिळाला. मग चार वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली, आणि 'वरातीतला भोंगा वेदीजवळ नको' असे शब्द त्याच्या देखत उच्चारले गेले. ते गीत त्या रात्री कीबोर्डवर झाले. तरुण मागच्या बाकावर बसून होता. त्यानंतर तो रविवारी दिसेनासा झाला.

ते गीत पहिल्यांदा कसे गायिले गेले हे त्या वडीलधाऱ्यांना ठाऊक नसावे. १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री, ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथे, फादर योसेफ मोहर यांनी आणि शिक्षक फ्रान्झ ग्रुबर यांनी ते गिटारच्या साथीवर म्हटले. त्या काळी गिटार हे काही वेदीचे वाद्य नव्हते.

आपण ज्याला भोंगा म्हणतो त्याचे दक्षिण कन्नड जिल्ह्यातील कद्री गोपालनाथ यांनी काय केले पाहा. नागस्वरम् वाजविणाऱ्याचा हा मुलगा. म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये त्याने सॅक्सोफोन ऐकला, हाती घेतला, आणि कर्नाटक संगीतातील गमक त्यातून निघावे म्हणून वाद्यातही फेरफार करून घेतले. त्यागराजांच्या कृती त्यावर वाजू लागल्या. १९९४ साली लंडनच्या बीबीसी प्रॉम्समध्ये ते वाजले, २००४ साली पद्मश्री मिळाली. ११ ऑक्टोबर २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. परंपरेविषयी अत्यंत काटेकोर अशा श्रोत्यांनी या वाद्याला भक्तिसंगीतात जागा दिली. आपण मात्र, ज्यांच्या हाती ते पिढ्यान्‌पिढ्या होते, त्याला ओळख दाखवीत नाही.

आक्षेपकांचे एक म्हणणे आम्हाला मान्य आहे. मिस्सेत चित्रपटाच्या चाली शिरल्या आहेत, ध्वनिक्षेपकाचा आवाज कानठळ्या बसवितो, आणि काही वादकांना वेदीपेक्षा स्वतःकडेच लक्ष वेधून घ्यावेसे वाटते. पण यांतला कोणता दोष सॅक्सोफोनचा आहे? आपल्या मिस्सेतला खरा उपरा तो कीबोर्डमधला तयार ताल आहे. बटण दाबले की तबला, बटण दाबले की ड्रम, बटण दाबले की व्हायोलिनचा अख्खा ताफा. वाजविणारा कोणीच नाही, श्वास कोणाचाच नाही. त्यावर कोणी हरकत घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही, कारण तो स्वस्त आहे आणि वेळेवर हजर असतो.

तेव्हा धर्मग्राम मंडळांनी आगमनकाळापूर्वीच्या बैठकीत हा विषय घ्यावा. बिशप महोदयांची अनुमती रीतसर मागावी. वादकाने गायकवृंदाबरोबर निदान चार शनिवार सराव करावा, अर्पणाच्या वेळी आणि कम्युनियननंतर संथ चाल वाजवावी, चित्रपटाची एकही नको, आणि ध्वनिक्षेपक त्याच्यापुढे ठेवू नये. आपल्या लहान चर्चना त्याची गरज नाही. ज्यांची हरकत असेल त्यांनी ती लेखी द्यावी, आणि ती संविधानाच्या कोणत्या कलमाला धरून आहे तेही त्याखाली लिहावे.