बटाटा आणि बॉटलनेक

आपल्या धंद्यात 'बॉटलनेक' हा शब्द फार लाडका. सिस्टिम स्लो झाली की मीटिंगमध्ये कोणीतरी विचारतंच, "नक्की अडतंय कुठे?" आणि मग सगळे मिळून एका गुन्हेगाराच्या मागे लागतात. डेटाबेस, नेटवर्क, नाहीतर गेल्याच महिन्यात नोकरी सोडून गेलेला कोणीतरी! माझं मत असं की हा प्रश्नच बऱ्याचदा चुकीचा असतो. आणि साक्षीदार म्हणून आज मी चक्क बटाट्याला उभं करणार आहे.

जमिनीखाली बटाटा पोसत असतो तेव्हा आत काय चालतं बघा. पानांत तयार झालेली साखर, म्हणजे सुक्रोज, खाली येते. सुक्रोज सिंथेझ नावाचं एन्झाइम तिचे तुकडे करतं. पुढे एक-दोन टप्प्यांनी तिचं ग्लुकोज-६-फॉस्फेट होतं आणि ते पेशीतल्या अमायलोप्लास्ट नावाच्या बारीकशा कोठारात शिरतं. तिथे एडीपी-ग्लुकोज पायरोफॉस्फोरायलेझ (थोडक्यात एजीपेझ, पूर्ण नाव एकदा वाचा आणि विसरा) एटीपी खर्च करून एडीपी-ग्लुकोज बनवतं. हा स्टार्चचा कच्चा माल. मग स्टार्च सिंथेझ एकेक मणी ओवून माळ लांबवतं आणि ब्रँचिंग एन्झाइम तिला फांद्या फोडतं. बटाट्याच्या स्टार्चमध्ये साधारण ८० टक्के फांद्यावालं अमायलोपेक्टिन आणि २० टक्के बहुतांशी सरळ अमायलोज असतं.

आता यात बॉटलनेक कोण? पुस्तकी उत्तर: एजीपेझ. पुरावाही भक्कम वाटतो. १९९२ साली जर्मन शास्त्रज्ञांनी हे एन्झाइम जवळजवळ बंद पाडलं, तर बटाट्यातला स्टार्च जवळपास गेलाच आणि साखर साठून राहिली. त्याच वर्षी मॉन्सँटोच्या लोकांनी ई. कोलाय जिवाणूतलं, पेशीच्या ब्रेकला फारसं न जुमानणारं एजीपेझ 'रसेट बरबँक' जातीत घातलं आणि स्टार्च वाढला. झालं, केस क्लोज्ड!

पण १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये तोच जिवाणूचा जीन 'प्रेअरी' जातीत घालून पाहिला गेला. एन्झाइमची ताकद चार-पाच पट झाली. आणि स्टार्च? जैसे थे! तो बनत होता वेगाने, पण तितक्याच वेगाने मोडतही होता.

एखादी गोष्ट बंद पाडल्यावर सगळं ठप्प होतं, म्हणून ती वाढवली की सगळं वाढेल असं नसतं. ऑफिसची वीज तोडली तर रिलीज होणार नाही हे खरं. म्हणून दुप्पट व्होल्टेज देऊन रिलीज लवकर होतं का?

पुढची गंमत २००२ ची. ॲडेनिलेट कायनेझ हे एन्झाइम स्टार्चच्या मुख्य वाटेवर नाहीच, ते फक्त एटीपी आणि त्याच्या भावंडांची अदलाबदल करतं. अमायलोप्लास्टमधलं हे एन्झाइम *कमी* केलं, तर स्टार्च ६० टक्क्यांपर्यंत वाढला. कारण एजीपेझच्या वाट्याला जास्त एटीपी उरला. आणि २०१२ मध्ये पानांकडून येणारी साखर आणि कोठारात शिरणारा माल या दोन्ही बाजू एकदम सुधारल्या, तेव्हा कुठे स्टार्चचं उत्पादन दुप्पट झालं.

यामागचं गणित कॅक्सर आणि बर्न्स यांनी एडिंबरोत १९७३ मध्येच मांडलं होतं. प्रवाहावरचं नियंत्रण एका पायरीकडे नसतं, ते सगळ्यांत वाटलेलं असतं. आणि हा वाटा कायमचा नसतो. एकाचा कमी केला की दुसऱ्याचा वाढतो.

कोणी म्हणेल, कधीकधी खरंच एकच गुन्हेगार असतो की! असतो. अमायलोज बनवण्याचं काम मुख्यतः एकाच एन्झाइमचं आहे. ते बंद केलं की अमायलोज जवळपास संपतं, बीएएसएफचा 'ॲम्फ्लोरा' बटाटा असाच तयार झाला. पण फरक लक्षात घ्या. *काय* बनतं हे एकावर अवलंबून असू शकतं, *किती* बनतं ते बहुधा सगळ्यांवर.

आणि हा नुसता अभ्यासाचा विषय नाही. 'एका जीनने पीक दुप्पट' अशी बातमी आली की तिच्यावर शेतकऱ्याच्या आशा आणि लोकांचे पैसे लागतात. तेव्हा विचारायला हवं, कुठल्या जातीत? शेतात की काचघरात? आणि बाकीच्या साखळीचं काय?

ऑफिसातही तेच. अप्रेझलमध्ये एकाला हीरो आणि एकाला बॉटलनेक ठरवून मोकळं होणं सोपं असतं. पण त्या 'बॉटलनेक'ची बदली केल्यावर थ्रूपुट किती वाढला, हे कितीजण मोजतात? माणसाच्या नावापुढे तो शब्द लिहिण्याआधी निदान मोजा तरी.