विश्लेषण : हंसांच्या विष्ठेने टुंड्रातील वायूंचे गणित कसे बदलते?

उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड द्वीपसमूहात उन्हाळा घालवणारे बार्नेकल हंस १९४० च्या दशकाअखेर जेमतेम ३०० उरले होते. शिकारीपासून संरक्षण मिळाल्यावर ही संख्या ४० हजारांच्या घरात गेली. संवर्धनाची ही यशकथाच. पण हजारो पक्षी जिथे चरतात तिथेच विष्ठाही टाकतात, आणि तिच्यामुळे जमीन व हवा यांच्यातील हरितगृह वायूंची देवाणघेवाण बदलते.

टुंड्राच्या जमिनीकडे लक्ष का?

वर्षानुवर्षे गोठलेल्या उत्तरेकडील भूभागात सुमारे १,४०० ते १,६०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन साठला आहे. वातावरणातील कार्बनच्या जवळपास दुप्पट. थंडीमुळे मेलेल्या वनस्पती नीट कुजत नाहीत, म्हणून हा साठा टिकला. तिथल्या मातीत नायट्रोजनची चणचण असते. अशा उपाशी जमिनीवर विष्ठा म्हणजे आयते खत.

विष्ठा पडल्यावर काय होते?

पहिला परिणाम चांगला वाटावा असा. गवत जोमाने वाढते आणि अधिक कार्बन डायऑक्साइड शोषते. मात्र हंस तेच गवत खुडतात, त्यामुळे हा फायदा बराचसा चोचीतच जातो. चरणे आणि तुडवणे यांमुळे शेवाळाचा थरही पातळ होतो. हा थर जमिनीवरचे पांघरूण असतो. तो विरळ झाला की उन्हाळ्यात माती अधिक तापते आणि कुजण्याला वेग येतो.

दुसरीकडे मातीतील जिवाणू विष्ठेतील नायट्रोजनचे आधी अमोनियम, मग नायट्रेट बनवतात. प्राणवायू कमी पडला की नायट्रेट तोडताना नायट्रस ऑक्साइड सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवणारा आहे. पाणथळ जागी मिथेनही वाढतो. कोरड्या टुंड्रातील काही जिवाणू हवेतला मिथेन खातात, पण अमोनियम वाढले की त्यांचे काम मंदावते. म्हणजे एकच विष्ठा ओल्या आणि कोरड्या जमिनीत वेगळा परिणाम घडवते.

याचे टोकाचे उदाहरण कोणते?

त्यासाठी दक्षिणेला, अंटार्क्टिकाजवळच्या साउथ जॉर्जिया बेटावर जावे लागते. तिथल्या किंग पेंग्विनच्या वसाहतींत कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या मोजणीत (२०२०) नायट्रस ऑक्साइडचे कमाल उत्सर्जन नुकत्याच खत घातलेल्या डॅनिश शेतापेक्षा सुमारे १०० पट भरले. क्रिल आणि मासे खाणारे हे पक्षी समुद्रातला नायट्रोजन जमिनीवर आणून टाकतात. हंसांचे तसे नाही. ते टुंड्रातलेच गवत खातात. त्यामुळे तिथे नायट्रोजन मुख्यतः जागा बदलतो आणि वेगाने फिरतो. दोन्हींना एकाच मापाने मोजणे चुकीचे ठरेल.

मग पक्षी दोषी?

अजिबात नाही. वसाहतींचे क्षेत्र अवघ्या टुंड्राच्या तुलनेत नगण्य आहे. मानवी उत्सर्जनापुढे हा आकडा किरकोळच. प्रश्न अंदाजांचा आहे. सगळीकडची माती सारखीच उपाशी धरली, तर असे ‘गरम ठिपके’ हिशेबातून निसटतात. शिवाय ते स्थिर नसतात. २०२२ च्या हिवाळ्यापर्यंत बर्ड फ्लूने स्वालबार्डच्या हंसांपैकी सुमारे एक तृतीयांश मारले गेले. भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र २००८ पासून याच स्वालबार्डमधील न्यू-ऑलेसुंद येथे आहे. गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्र ते चालवते. हंस तिथे वस्तीच्या अंगणातच चरतात.