बोटे आपली, नोंदवही कुणाची?

कॅमेऱ्यासमोर पंजा उघडला की तळहातावर दिवा पेटतो. तर्जनी आणि अंगठा जुळविला की पडद्यावरची वस्तू चिमटीत येते. मोबाईलला स्पर्शही न करता, हवेत बोटे हलवून चालणारा हा खेळ स्नॅपचॅटसारख्या संदेशवहनाच्या अ‍ॅपवर तरुण पिढी हौसेने खेळते आहे. एकट्या भारतात दरमहा २० कोटींहून अधिक लोक आपले अ‍ॅप वापरतात, असे या कंपनीने २०२३ मध्येच जाहीर केले होते. त्यात आपल्या वस्त्यांतील मुले-मुली नाहीत काय? ‘पोरांचा खेळ’ म्हणून चळवळीच्या कार्यकर्त्यांनी याकडे पाठ फिरविणे परवडणारे नाही.

या खेळामागे जादू नाही, गणित आहे. २०१५ साली स्नॅपचॅटने चेहऱ्यावर चित्रे चढविणाऱ्या ‘लेन्स’ आणल्या. पुढे कॅमेरा हातापर्यंत पोचला. गुगलने २०१९ मध्ये खुल्या केलेल्या हस्तमागोवा पद्धतीत संगणक आधी तळवा शोधतो, मग मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत २१ बिंदू ठरवितो. दोन टोकांमधील अंतर कमी झाले की ‘चिमटी’, सगळी बोटे मिटली की ‘मूठ’, असा अर्थ तो लावतो. यालाच ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीची जोड मिळाली की बोट हेच बटण होते.

हे तंत्रज्ञान मुळात वाईट नाही. २०२१ मध्ये स्नॅपचॅटने अमेरिकन सांकेतिक भाषेची मुळाक्षरे बोटांनी शिकविणारी लेन्स आणली, ती कंपनीतील कर्णबधिर कर्मचाऱ्यांच्या पुढाकाराने! ज्यांचा आवाज समाजाने ऐकला नाही, त्यांची बोटे यंत्राने वाचली. ‘गांधीवादा’ची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी यंत्राचीच बाजू घेतली होती. दोष यंत्राचा नाही, यंत्राचे लाभ मूठभरांच्या हाती ठेवणाऱ्या समाजव्यवस्थेचा आहे, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून आमचा प्रश्न यंत्राला नाही. यंत्राची दोरी ज्यांच्या हाती आहे, त्यांना आहे.

आणि हा प्रश्न विचारण्याचा पहिला अधिकार आपलाच आहे, कारण बोटांच्या नोंदीचा इतिहास या देशात आपल्याच माणसांच्या अंगावर लिहिला गेला आहे. बोटांच्या ठशांचे कार्यालय १८९७ साली कलकत्त्यात निघाले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरविण्याची वाट मोकळी करून दिली होती. १९११ च्या कायद्याने त्या जमातींच्या माणसांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारी अधिकाऱ्यांना दिला. पारधी, कैकाडी यांसारख्या जमातींना या कायद्याखाली तारेच्या कुंपणात कोंडले गेले. तो कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. एकलव्याचा अंगठा गुरुदक्षिणेत गेला, भटक्या-विमुक्तांचा अंगठा सरकारच्या दप्तरात गेला!

कुणी म्हणेल, खेळातले २१ बिंदू म्हणजे काही बोटांचे ठसे नव्हेत. खरे आहे. हाताची हालचाल टिपणे आणि माणसाची ओळख पटविणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हालचालीचे गणित पुष्कळदा फोनमध्येच होते. पण उद्या ते फोनबाहेर नेले, साठविले, विकले, तर अडविणार कोण? अमेरिकेतील इलिनॉय राज्याने २००८ सालीच कायदा करून ठसे, चेहरा आणि हाताच्या ठेवणीची नोंद लेखी संमतीशिवाय घेण्यास मनाई केली. त्याच कायद्याखालील दाव्यात स्नॅप कंपनीने २०२२ मध्ये आरोप नाकारत का होईना, साडेतीन कोटी डॉलरची तडजोड केली.

आपल्याकडे काय झाले? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात शरीराच्या अशा नोंदींना ‘संवेदनशील’ माहितीचा दर्जा होता. विशेष म्हणजे त्याच यादीत ‘जात अथवा जमात’ हेही शब्द होते. २०१९ च्या विधेयकातही ते होते. २०२३ साली प्रत्यक्ष कायदा झाला तेव्हा ‘संवेदनशील’ हा वर्गच गायब! ज्या देशात आडनाव कळले की भाड्याचे घर मिळेनासे होते, त्या देशाच्या कायद्याला जातीची माहिती खास जपण्यासारखी वाटू नये? ही चूक म्हणायची की सोय?

दुसरा प्रश्न यंत्राच्या डोळ्यांचा. अमेरिकेतील एमआयटीच्या २०१८ च्या अभ्यासात चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या प्रणाली गोऱ्या पुरुषांबाबत फार तर ०.८ टक्के चुकल्या, काळ्या स्त्रियांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत! यंत्राला जे चेहरे दाखविले, तेच ते शिकले. मग खडी फोडणारे, गटार उपसणारे, भेगाळलेले हात त्याला कुणी दाखविले काय? राबून ठसे झिजलेली बोटे आधारच्या यंत्राने ओळखली नाहीत म्हणून रेशन दुकानावरून रिकाम्या हाती परतलेल्या माय-माउल्यांना या प्रश्नाचे उत्तर कुणी शिकवायला नको.

म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी. शरीराची आणि जातीची माहिती कायद्याने पुन्हा ‘संवेदनशील’ ठरवा. आपल्या लोकप्रतिनिधींनी सभागृहात हा प्रश्न लावून धरावा. घराघरांत मुलांना कॅमेऱ्याची परवानगी देण्यापूर्वी ती कुणाला आणि कशासाठी, हे विचारायला शिकवावे. आणि शिकलेल्या तरुणांनी नुसते बोटे हलविणारे गिऱ्हाईक राहू नये. लेन्स बनविण्याचे साधन मोफत मिळते. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास, भारतीय सांकेतिक भाषेची मुळाक्षरे, संविधानाची उद्देशिका आपल्या तरुणांनी या तंत्रात का आणू नये?

ज्या हातांच्या स्पर्शाने पाणी बाटते असे सांगितले गेले, त्याच हातांनी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्याले गेले. त्या हातांची मालकी आता कुण्या कंपनीच्या किंवा सरकारच्या खात्यात जमा होऊ द्यायची नाही. शिका, हा बाबासाहेबांचा पहिला आदेश आहे. या नव्या यंत्राची भाषाही त्या शिकण्यातच आली.