झोपविलेला पहारेकरी

दिवाळीच्या अंकात कर्करोगाचा विषय काढला म्हणून संपादकमहाशय रागावणार नाहीत, अशी आशा आहे. चकली मोडता मोडता वाचावा असा हा विषय नव्हे, हे मलाही कळते. परंतु या सदरात मूत्रपिंड-रोपणावर काही लिहिले की हटकून एक प्रश्न येतोच : 'दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविले की कर्करोग होतो म्हणतात, ते खरे का?'

अर्धेच खरे. बहुतेकांना तो होत नाही. आणि झालाच, तर त्यात मूत्रपिंडाचा दोष क्वचितच असतो. आपल्या शरीरात एक पहारेकरी आहे. परका दिसला की तो दंडुका उगारतो. 1954 साली बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी पहिले यशस्वी रोपण केले ते जुळ्या भावांमध्ये. कारण एकसारख्या जुळ्यांत परका कोण, हेच या पहारेकऱ्याला उमगत नाही. इतरांच्या बाबतीत त्याला औषधाने गुंगीत ठेवावे लागते, आणि तेही जन्मभर. पण हाच पहारेकरी घरातल्या फितुरांवरही नजर ठेवीत असतो. तो पेंगला की अंगात वर्षानुवर्षे निपचित पडलेले विषाणू उठतात, आणि एरवी डॉक्टरांनाही क्वचितच दिसणारे कर्करोग डोके वर काढतात.

'कापोसी सार्कोमा' हा त्यांतलाच. 1872 साली व्हिएन्नाच्या डॉ. कापोसी यांनी त्याचे वर्णन केले. पायांवर जांभळट डाग उठतात. त्यामागचा विषाणू सापडायला मात्र 1994 साल उजाडले. नवल असे की, गुंगीचे औषध कमी केले की पुष्कळदा हे डाग आपोआप विरू लागतात! पहारेकरी जागा झाला, दुसरे काय? मात्र जागा झालेला पहारेकरी मूत्रपिंडावरही धावून जातो. आणि ते पुष्कळदा आईने नाहीतर पत्नीने दिलेले असते.

या कोंडीतून एक वाट निघाली ती ईस्टर बेटाच्या मातीतून. 1964 साली कॅनडाहून गेलेल्या एका पथकाने ती माती आणली. तिच्यातील जंतूपासून डॉ. सुरेन सहगल या अखंड हिंदुस्थानात जन्मलेल्या शास्त्रज्ञाने मॉन्ट्रियलमध्ये 'रॅपामायसिन' वेगळे काढले. पुढे तिथली प्रयोगशाळा बंद झाली, तेव्हा या गृहस्थाने तो जंतू चक्क घरच्या फ्रीजमध्ये, 'खाऊ नये' अशी चिठ्ठी लावून जपला! (घरात त्यावर काय बोलणे झाले असेल, याची कल्पना गृहिणींनीच करावी.) हे औषध पहारेकऱ्याला आवरते, पण गाठींची वाढही रोखते. 2005 साली इटलीतील डॉक्टरांनी अशा 15 रोग्यांचे सायक्लोस्पोरिन बंद करून हे सुरू केले. तीन महिन्यांत सगळ्यांचे डाग गेले, मूत्रपिंडेही शाबूत राहिली. पुढे सर्वांनाच एवढे यश आले नाही, हेही सांगितले पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात एका भगिनीचे पत्र आले. त्यांनी यजमानांना स्वतःचे मूत्रपिंड दिलेले. आणि यजमानांनी कर्करोगाच्या धास्तीने, कोणाला न विचारता, गोळ्या निम्म्या केलेल्या! मी उलट टपाली कळविले : गोळी किती घ्यायची हे रोपणाच्या डॉक्टरांनी ठरवावयाचे, आजच्या आज त्यांना गाठा. यजमानांचे काम वेगळे. उन्हात अंग झाकावे, महिन्यातून एकदा उजेडात उभे राहून ते न्याहाळावे; नवा डाग, न भरणारी जखम किंवा मानेत-काखेत गाठ आढळली की दाखवावी. पाठ काही त्यांना स्वतःला दिसावयाची नाही. ती बाईंनी पाहावी.