जोते उंच, पण मुरूम कशाला?

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांपर्यंत चढले. त्याआधी 2005 मध्ये ते 53 फुटांवर गेले होते आणि 2021 मध्ये पुन्हा 54 च्या पुढे. सोळा वर्षांत तीन महापूर सोसलेल्या शहरात नदीकाठी घर कसे बांधावे, याचे आपल्याकडे ठरलेले उत्तर एकच: जोते उंच करा. नियमाचाही रोख तोच. 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतल्या पुराची लाल रेषा, यांच्या मधल्या पट्ट्यात बांधायचे तर जोते लाल रेषेच्या सुमारे अर्धा मीटर वर हवे. ती उंची गाठायचा सोपा मार्ग म्हणजे डंपरने मुरूम आणून प्लॉट भरून घेणे. माझा आक्षेप जोत्याच्या उंचीला नाही, खालच्या मुरमाला आहे.

भरलेला प्लॉट स्वतः कोरडा राहतो, पण तिथे मावणारे पाणी शेजाऱ्याकडे ढकलतो. एखाद्या प्लॉटने फरक पडत नाही, अख्खा पट्टा भरला की पडतो, आणि त्याची किंमत सूर्यवंशी प्लॉट किंवा दत्तनगरसारख्या वस्त्यांमधल्या बैठ्या घरांनी का मोजावी? हॅम्बुर्गने जुन्या बंदरात उंच भरावावरच नवी वसाहत उभारली, असे यावर कुणी सांगेल. पण तिथला पूर समुद्राच्या उधाणाचा, ओहोटीबरोबर उतरणारा. सांगलीजवळ कृष्णा संथ आणि वळणांची. चढलेले पाणी इथे दिवसेंदिवस ठाण मांडते. त्यापेक्षा धडा घ्यायला कृष्णेकाठच्याच वाईला जावे. 1762 मध्ये सरदार रास्त्यांनी बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचा लोंढा दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावा म्हणून. पाणी येणारच, हे त्या बांधणीने आधीच धरले आहे.

आजच्या इमारतीत हेच साधायचे तर घर खांबांवर हवे आणि तळमजला मोकळा. नुसते खांबही पुरेसे नाहीत. 2019 मध्ये वरच्या मजल्यांवरची कितीतरी कुटुंबे कोरड्या घरात अडकली. वीज नाही, प्यायला पाणी नाही. म्हणून मीटर आणि पंप पूररेषेच्या वर हवेत, आणि नाव लागेल असा बाहेरचा जिना हवा. आर्किटेक्टचे खरे कसब इथे आहे. नदीकडे तोंड केलेल्या काचेच्या बाल्कन्या कुणीही काढून देईल.

पुराचे मूळ कोयनेच्या विसर्गात आणि अलमट्टीच्या फुगवट्यात आहे, घरांना का धरता, हा आक्षेप सांगलीत हमखास निघतो. धरणांच्या नियोजनावर भांडलेच पाहिजे, पण ते भांडण सुटेपर्यंत बांधकामे थांबणार नाहीत. खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे. खांबांवरचे घर बैठ्या घरातल्या कुटुंबाला परवडणारे नाही. त्यांच्यासाठी सरकारी मदत किंवा पुराबाहेरची जागा हवी. सर्वात अवघड आक्षेप वेगळाच: मोकळा तळमजला मोकळा राहत नाही. आज पार्किंग, उद्या शटर, परवा दुकान. त्यामुळे भोगवटा प्रमाणपत्र देऊन महापालिकेचे काम संपत नाही. दर मे महिन्यात या पट्ट्यातले तळमजले तपासावेत आणि बंद केलेला गाळा नाल्यावरच्या अतिक्रमणासारखाच पाडावा.