शंभर डॉलरचा बर्गर

मागच्या महिन्यात आपाचा फोन आला. आवाजावरूनच कळलं, काहीतरी बिनसलंय. "तू शिक्षिका आहेस, तुझं तो ऐकतो. तूच समजाव त्याला. सुट्टीच्या दिवशी विमान भाड्याने घेतो आणि दुसऱ्या गावी जेवायला जातो म्हणे! त्याच्या गावात काय हॉटेलं नाहीत?"

'तो' म्हणजे माझा भाचा. कॅलिफोर्नियात नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने खासगी वैमानिकाचा परवाना काढला. आपाला दोन गोष्टी खुपत होत्या. एक म्हणजे पोराच्या जिवाची काळजी. दुसरी म्हणजे इसराफ. दुलाभाईंचा इंतकाल झाल्यावर तिने रात्र रात्र शिलाई मशीन चालवून मुलाला इंजिनिअर केलं. जेवणासाठी विमान उडवणं तिच्या डोक्यात बसेना. खरं सांगायचं तर माझ्याही बसत नव्हतं. मी रागवायच्या तयारीनेच फोन लावला.

तो हसला. म्हणाला, "खाला, याला इथे शंभर डॉलरचा बर्गर म्हणतात." अमेरिकेतल्या हौशी वैमानिकांचा हा जुना विनोद. बर्गर स्वस्त, पण तो खायला जायचं तर विमानाचं भाडं आणि इंधन धरून शंभर डॉलर होतात. आता महागाईने हा आकडाही मागे पडलाय.

ही विमानं म्हणजे आपण हजला जातो तसली नव्हेत. सेसना १७२ नावाचं विमान यात फार चालतं. एक इंजिन, पुढे एक पंखा, वैमानिक धरून चार माणसांची जागा. तासाला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वेग, आणि तासाला तीस-पस्तीस लिटर पेट्रोल. अमेरिकेत सर्वांना खुले असे सुमारे पाच हजार छोटे-मोठे विमानतळ आहेत. त्यातल्या कित्येक ठिकाणी धावपट्टीला लागूनच खाणावळ असते. जिथे नसते तिथे कधी कधी विमानतळाची एक जुनी मोटार ठेवलेली असते. किल्ली मागून घ्यायची, गावात जाऊन जेवायचं, पेट्रोल भरून गाडी परत लावायची.

"हे सगळं ठीक," मी म्हटलं, "पण घरीच खा की बर्गर!"

तेव्हा त्याने जे सांगितलं ते मला नवीन होतं. तिथल्या कायद्याप्रमाणे सोबत माणसं न्यायची असतील, तर वैमानिकाने मागच्या ९० दिवसांत किमान तीन वेळा उड्डाण करून तीन वेळा उतरलेलं असावं लागतं. परवाना खिशात असून भागत नाही, हात चालू राहावा लागतो. "खाला, तुम्हीच म्हणायच्या ना, हिफ्ज केलेलं रोज फिरवलं नाही तर निसटतं? तसंच हे." नुसतं घिरट्या घालायचा कंटाळा येतो. अनोळखी धावपट्टीवर उतरण्याचा सराव हवा असतो. मग कुठेतरी जायला निमित्त हवं. ते निमित्त म्हणजे जेवण.

त्याच्या यादीतलं पहिलं नाव कॅटालिना बेटाचं. लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यापासून पस्तीसेक किलोमीटर समुद्रात. तिथला विमानतळ डोंगरमाथ्यावर, १,६०२ फुटांवर आहे. धावपट्टी सुमारे तीन हजार फूट लांब आणि मध्ये उंचवटा, त्यामुळे उतरताना पट्टीचं पलीकडचं टोक दिसत नाही. नवखा माणूस घाबरून जोरात ब्रेक दाबतो. तिथला गव्याच्या मांसाचा बर्गर प्रसिद्ध आहे. बेटावर अमेरिकी गवे फिरतात. १९२४ साली एका चित्रपटासाठी ते आणले गेले आणि तिथेच राहिले. दुसरं ठिकाण कोलिंगा गावाजवळचं हॅरिस रँच. हमरस्त्याच्या कडेला मोठी खाणावळ आणि शेजारी जेमतेम तीस फूट रुंदीची धावपट्टी. उतरायचं, विमान बांधायचं आणि चालत जेवायला जायचं.

मी लगेच विचारलं, "आणि जबिहाचं काय?" तो म्हणाला, "मासे, अंडी, भाजी यापैकी काहीतरी मिळतंच. मांस मी घरी आणून खातो. शंभर डॉलरच्या बर्गरमध्ये बर्गर असलाच पाहिजे असं कुठे आहे?" जोहरची वेळही तो निघतानाच धरतो. मुसल्ला विमानात असतो.

मग मी त्याला तयारी विचारली. तो सांगत गेला आणि माझा राग उतरत गेला. आदल्या दिवशी खाणावळीला फोन करायचा, कारण बऱ्याच ठिकाणी फक्त नाश्ता आणि दुपारचं जेवण असतं. धावपट्टी बंद तर नाही ना, याच्या सूचना वाचायच्या. हवामान निघताना बघायचं आणि परतीच्या वेळचंही बघायचं. दिवसा उडताना मुक्कामी पोहोचून वर अर्धा तास पुरेल इतकं इंधन कायद्यानेच सक्तीचं. हा स्वतः एक तासाचं ठेवतो. माणसं, सामान, इंधन या सगळ्यांच्या वजनाची बेरीज करायची. उन्हाळ्यात हवा विरळ होते, विमानाला पळायला जास्त पट्टी लागते, म्हणून तोही हिशेब.

समुद्र ओलांडायचा तर आणखी एक हिशेब. इंजिन बंद पडलं तर हे विमान दगडासारखं पडत नाही, तरंगत खाली येतं. वारा नसेल तर एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जातं. सात हजार फुटांवर असलं तर एकोणीसेक किलोमीटर. म्हणजे ऐन मध्यावर असतानाही कुठल्यातरी किनाऱ्याला पोहोचता यावं, इतकी उंची गाठूनच तो पाण्यावर जातो. तरीही प्रत्येकाच्या अंगात तरंगण्याचं जाकीट असतंच.

"आणि एवढं करूनही कधी फसलास?" मी विचारलं.

तो थोडा थांबला. म्हणाला, "मागच्या वेळी तीन मित्रांना घेऊन कॅटालिनाला निघालो होतो. निम्मा समुद्र ओलांडला आणि बघतो तर डोंगरमाथा ढगात. मला ढगात शिरायची परवानगी नाही. मित्र म्हणाले, दोन चकरा मार, उघडेल. दहाच मिनिटांवर जेवण होतं, सगळ्यांनी भाड्याची वर्गणी भरलेली होती. मी विमान वळवलं. परत येऊन गाडीतच बिस्किटं खाल्ली. एक मित्र अजून चिडवतो."

खरं सांगते, त्या दिवशी मला भाच्याचा जितका अभिमान वाटला तितका तो इंजिनिअर झाला तेव्हाही वाटला नव्हता. विमान उडवायला किमान चाळीस तासांत शिकवतात. पण मित्रांसमोर, पैसे भरलेले असताना, भूक लागलेली असताना "परत जाऊ" म्हणायला शिकवणं घरच्यांच्या हातात असतं.

नवव्या शतकात कुर्तुबात अब्बास इब्न फिर्नास यांनी पंख लावून उड्डाण केलं, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पण इतिहासकार अल-मक्करी यांनी पुढचंही लिहून ठेवलंय: उतरताना त्यांना इजा झाली, कारण पक्षी शेपटीच्या आधाराने उतरतो हे लक्षात आलं नव्हतं. वर जाण्याची हिंमत होती, उतरण्याची तयारी राहून गेली. उंट बांधून मग तवक्कुल करावा, तो याचसाठी.

आता आपल्या घराकडे बघा. आपलीही मुलं रात्री धाब्यावर जेवायला जातात. एका मोटरसायकलवर तिघं, हेल्मेट नाही, पावसाळ्यातला घाट. तिथे ना ९० दिवसांचा नियम, ना वजनाचा हिशेब. त्यांना रागवण्याआधी एवढं विचारावं: परत कधी फिरायचं हे निघताना ठरवलंयस का? आणि "चल रे, काही होत नाही" म्हणणाऱ्याला नाही म्हणायचं कोण?

इसराफचा प्रश्न मात्र मी सोडला नाही. भाच्यानेही टाळला नाही. महिन्यातून एकदाच उडायचं, खर्च चौघांत वाटायचा, कारण हौशी वैमानिकाला सोबत्यांकडून नफा घेता येत नाही पण वाटणी चालते. आणि जितका आपला वाटा, तितकेच पैसे गावच्या मदरशातल्या मुलांच्या जेवणाला पाठवायचे. हे त्याने स्वतःच सुचवलं.

आपाला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ढग बघून परत आला?" एवढंच.

आता त्या दिवशी ती फोन जवळ घेऊन बसते. पूर्वी मुलाला पहिला प्रश्न असायचा, "जेवलास का?" आता विचारते, "उतरलास का?" त्याने "हो, अम्मी" म्हटलं की शुक्र अदा करते आणि मगच जेवणाचं विचारते.