घड्याळावर हरलेला डाव



काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ आपल्या वडिलांना घेऊन दवाखान्यात आले. वडील ७४ वर्षांचे, निवृत्त मुख्याध्यापक, तरुणपणी तालुक्याच्या स्पर्धांत बुद्धिबळ खेळलेले. खुर्चीवर बसण्याआधीच मुलाने मोबाईल माझ्यापुढे धरला. त्यात वडिलांच्या ऑनलाइन डावांची नोंद होती. शेवटच्या २० डावांपैकी १४ हरलेले. "डॉक्टर, बाबांना विस्मरणाचा आजार सुरू झालाय का, ते एकदा बघा. पन्नास वर्षं खेळणारा माणूस शाळकरी पोरांकडून हरतोय." हे सारे वडिलांच्या देखत चालले होते. वडील खिडकीबाहेर पाहत होते. (कोणाची ओळख पटू नये म्हणून या लेखातील रुग्णांचे तपशील मी नेहमीप्रमाणे बदलले आहेत.)

मी मुलाला थांबवले आणि वडिलांना विचारले, "सर, हरता म्हणजे कसे हरता? मात होते की वेळ संपते?"

ते प्रथमच माझ्याकडे वळले. "वेळ संपते. काल माझ्याकडे एक हत्ती जास्त होता. दोन खेळींत मात होती. घड्याळ पडलं."

"किती मिनिटांचा डाव लावता?"

"तीन. ती स्वीडनची मुलगी खेळते ना, तसा."

ती मुलगी मला ठाऊक होती. दवाखाना बंद करून घरी गेल्यावर जेवणाआधी अर्धा तास मीही तिचे डाव पाहतो. हा माझा एक निरुपद्रवी दुर्गुण आहे. ॲना क्रॅमलिंग तिचे नाव. जन्म २००२ चा, स्पेनमधला, खेळते स्वीडनकडून. जागतिक बुद्धिबळ महासंघाचा 'महिला फिडे मास्टर' हा किताब तिच्याकडे आहे. त्यासाठी साधारणपणे २१०० चे मानांकन गाठावे लागते. आपल्या गल्लीतल्या उत्तम खेळाडूलाही तिथवर पोहोचणे सहसा जमत नाही. ती संगणकावर अतिजलद डाव खेळते आणि ते त्याच क्षणी जगभरचे लोक पाहत असतात. पडद्यावर मोठा पट, कोपऱ्यात तिचा चेहरा आणि तिचे अखंड बोलणे. "घोडा इथे आला तर माझा उंट अडकतो, म्हणून आधी प्यादे पुढे ढकलते," असे ती खेळता खेळता सांगत जाते. चूक झाली की डोक्याला हात लावते आणि मनापासून हसते. ज्यांची मुले परदेशी आहेत आणि ज्यांच्या घरात दुपारनंतर कोणाचा आवाज नसतो, अशा माझ्या काही वृद्ध रुग्णांना ही सोबत का हवीशी वाटते, ते मला समजते.

मात्र पाहणे वेगळे आणि तिच्या वेगाने खेळणे वेगळे. तीन मिनिटे म्हणजे १८० सेकंद. डाव चाळीस खेळ्या चालला तर एका खेळीच्या वाट्याला साडेचार सेकंद येतात. तेवढ्यात पट पाहायचा, धोका ओळखायचा, खेळी ठरवायची, बोट किंवा माऊस नेमक्या घरावर न्यायचा आणि सोंगटी सोडायची. यातले 'ठरवणे' हे एकच काम बुद्धीचे आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्या साडेचार सेकंदांवर डोळा, मज्जातंतू, सांधे आणि मोबाईलच्या काचेवर न उमटणारे कोरडे बोट, या सर्वांचा वाटा असतो. विशीतल्या मुलीचा हा खर्च नगण्य असतो. सत्तरीत तो बराच वाढतो. विचाराला उरते ते शिल्लक.

वाढत्या वयात मेंदूचा माहिती हाताळण्याचा वेग कमी होतो, हे खरे आहे. तो सर्वांचाच होतो. तुमचा होतो, माझाही होऊ लागला आहे. परंतु वेग आणि समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नील चारनेस या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये सारख्याच ताकदीच्या तरुण आणि वयस्क बुद्धिबळपटूंची तुलना केली. पटावरची स्थिती नंतर आठवून सांगण्यात वयस्क खेळाडू मागे पडले. चांगली खेळी निवडण्यात मात्र ते मागे नव्हते. उलट कमी पर्याय चाळून ते तितक्याच चांगल्या खेळीपर्यंत पोहोचत होते. अनुभवी डोळ्याला नको त्या वाटा मुळी दिसतच नाहीत. जुन्या वैद्याची नाडीपरीक्षा आणि सुगरणीचा मिठाचा हात यांची जात हीच असावी.

ॲनाच्या घरातच याचा पुरावा आहे. तिची आई पिया क्रॅमलिंग १९६३ साली जन्मली आणि १९९२ मध्ये ग्रँडमास्टर झाली. पुरुषांच्याच कसोटीवर मिळणारा हा सर्वोच्च किताब मिळवणारी ती जगातली पाचवी स्त्री. वडील हुआन मानुएल बेल्योन हेही स्पेनचे ग्रँडमास्टर. मुलीच्या चित्रफितींत आई अधूनमधून येते. साध्या कपड्यांतली ही मध्यमवयीन बाई एखाद्या अनोळखी खेळाडूसमोर शांतपणे बसते. समोर कोण आहे हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसते. काही वेळाने त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो!

२०२२ साली चेन्नईजवळ मामल्लपुरमला बुद्धिबळ ऑलिम्पियाड झाले, तेव्हा या मायलेकी स्वीडनच्या एकाच संघात होत्या. आपल्या महिलांनी तिथे कांस्यपदक मिळवले, म्हणून ते वर्ष अनेकांच्या लक्षात असेल. त्याच स्पर्धेत पहिल्या पटावरचे वैयक्तिक सुवर्णपदक पियाने घेतले. ११ डावांत साडेनऊ गुण, वय ५९. समोर बसणाऱ्या बहुतेकजणी वयाने तिच्या मुली शोभाव्यात अशा. तिथे प्रत्येक खेळाडूला पहिल्या ४० खेळ्यांसाठी ९० मिनिटे मिळत आणि शिवाय प्रत्येक खेळीमागे ३० सेकंदांची भर पडत असे.

ती भर मला महत्त्वाची वाटते. ती असली की विचार पुरा करायला आणि हात पोचायला निदान तेवढा अवकाश मिळतो. केवळ बोट उशिरा टेकले म्हणून जिंकलेला डाव हातचा जात नाही. आमचे मुख्याध्यापक जो डाव खेळत होते, त्यात अशी भर नव्हती.

पण एवढे सांगून मी त्यांची पाठवणी केली असती तर ती वैद्यकीय चूक ठरली असती. 'वयोमानानुसार होते' हे वाक्य आमच्या व्यवसायात फार स्वस्त झाले आहे आणि त्याआड बरे होण्याजोगे आजार लपून राहतात. वेळ संपून हरणे हे वयाचे असू शकते. सहा महिन्यांपूर्वी जे तीन मिनिटांत जमत होते ते आता जमत नसेल, तर मधल्या काळात काय बदलले हे शोधावे लागते.

दवाखान्यात, प्रतीक्षेत बसलेल्या मुलांसाठी ठेवलेला एक लाकडी पट आहे. तो मी मागवला. एक प्यादे हरवले होते. तिथे औषधाच्या बाटलीचे झाकण ठेवले. म्हणालो, "सर, घड्याळ नाही. फक्त त्या मुलीसारखं बोलत बोलत खेळा. मनात जे येईल ते मोठ्याने सांगा."

हे मी गंमत म्हणून केले नाही. माणूस बोलून विचार करू लागला की बाहेरच्याला आतली वाट दिसते. विचार धिमा आहे की तुटलेला, हे त्यातून बरेच कळते. सर सावकाश बोलत होते. परंतु माझा हेतू काय, त्यांना कुठे धोका आहे, तीन खेळ्यांनंतर काय होईल, हे सारे सलग येत होते. एकदा मात्र त्यांनी काळ्या घरावरचा माझा काळा उंट पाहिलाच नाही. बोट ठेवून दाखवल्यावर म्हणाले, "अरे, हा इथे होता होय?"

पुढचा शोध सोपा होता. टॉर्चने पाहिल्यावर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची छटा दिसली. गडद रंगातला गडद रंग वेगळा न दिसणे हे मोतीबिंदूत नेहमीचे आहे. औषधांची पिशवी उलटी केली तेव्हा तिसरी गोष्ट सापडली. पावसाळ्यात सर्दीसाठी दिलेली क्लोरफेनिरामाईन असलेली गोळी ते पाच महिने रोज रात्री घेत होते, कारण 'तिने झोप छान लागते'. या जुन्या धाटणीच्या ॲलर्जीविरोधी गोळ्यांनी वृद्धांच्या मेंदूवर गुंगीची पातळ साय धरते. तोंडाला कोरड पडते, प्रोस्टेट वाढलेल्यांना लघवी अडते आणि काहींना चक्क भ्रम होतो. मुलाला ही गोळी ठाऊकच नव्हती. पुढे रक्ततपासणीत बी-१२ जीवनसत्त्वही कमी निघाले. विस्मरणाची शंका घेऊन येणाऱ्या प्रत्येक वृद्धाचे बी-१२, थायरॉईड, रक्तशर्करा आणि सोडियम पाहावे. ऐकू किती येते आणि मन खिन्न आहे का, हेही विचारावे. खिन्नता तर वृद्धांत अनेकदा मंदपणाचेच सोंग घेऊन येते.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर हा लेख खोटा दिलासा ठरेल. दोन वर्षांपूर्वी एक आजी आल्या होत्या. नातवाशी रोज बुद्धिबळ खेळणाऱ्या, पण वेगाची काही हौस नसलेल्या. एके दिवशी त्यांनी हत्ती तिरका चालवला. नातू हसला, त्याही हसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिरका. सांगितल्यावर मात्र त्या चिडल्या, "असाच चालतो," म्हणाल्या. त्याच महिन्यात गॅसचे पैसे दोनदा दिले गेले आणि नेहमीच्या देवळातून परतताना त्या वळण चुकल्या. इथे वेगाचा प्रश्न नव्हता. आयुष्यभर अंगवळणी पडलेला नियम पुसला जात होता. त्यांना मी त्याच आठवड्यात मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवले. घरच्यांनी अशा खुणा लक्षात ठेवाव्यात: तोच प्रश्न पुन्हा पुन्हा, ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, पैशांचा गोंधळ, स्वभाव पालटणे. आणि असा गोंधळ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत एकाएकी उद्भवला, तर बुद्धिबळाचा विचार बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे. तो पक्षाघात असू शकतो, जंतुसंसर्ग असू शकतो, मधुमेहाच्या औषधाने उतरलेली साखर असू शकते.

बुद्धिबळाने विस्मरणाचा आजार टळतो का, हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतो. २००३ साली न्यूयॉर्कमधल्या पंचाहत्तरीपुढील ४६९ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, वाद्यवादन, नृत्य आणि पटावरचे खेळ यांत रमणाऱ्यांत डिमेन्शिया कमी आढळला. परंतु खेळामुळे आजार टळला की ज्यांचा मेंदू शाबूत होता तेच खेळत राहिले, हे अशा अभ्यासातून ठामपणे सांगता येत नाही. म्हणून मी बुद्धिबळ औषध म्हणून लिहून देत नाही. आवडते, म्हणून खेळा.

सरांना मी तीन गोष्टी सांगितल्या. रात्रीची गोळी बंद. मोतीबिंदूसाठी नेत्रतज्ज्ञ. आणि मोबाईलवरच्या डावाची मांडणी बदलून १५ मिनिटे, वर प्रत्येक खेळीमागे १० सेकंदांची भर. झोपण्यापूर्वीच्या तासात डाव लावायचा नाही. हरल्यावर 'एकच आणखी' म्हणत रात्रीचा एक वाजतो, हे त्यांनी स्वतःच कबूल केले. प्रत्येक डावानंतर उठून पाणी प्यायचे, चार पावले चालायची. बी-१२ ची इंजेक्शने तपासणीनंतर सुरू झाली.

मुलाशी मात्र मी बाहेर व्हरांड्यात वेगळे बोललो. ते वाईट नव्हते, घाबरले होते. जेवणाच्या टेबलावर वडील शब्द शोधू लागले की वाक्य तेच पुरे करत. बँकेत सही करताना हात थबकला की कागद ओढून घेत. औषधे स्वतः मोजून देत, 'म्हणजे लवकर होतं'. ती झोपेची गोळी मात्र या मोजणीत कधी आलीच नव्हती. ती उशीखाली होती. मी त्यांना म्हटले, "बाबांना बोलायला दहा सेकंद जास्त देऊन बघा. मनात मोजा हवं तर." ते काही बोलले नाहीत.

अडीच महिन्यांनी सर एका डोळ्याची शस्त्रक्रिया होऊन आले. मुलगा सोबत होता, परंतु या वेळी तो बाहेर बसला. मी रक्तदाब मोजत असताना सरांची नजर पटावर होती. शेवटचाच रुग्ण असल्याने मीही मोह आवरला नाही. बाटलीचे झाकण अजून प्याद्याच्याच जागी होते. ते सावकाश खेळत होते, पुटपुटत होते आणि विसाव्या खेळीला त्यांनी माझा वजीर असा कोंडला की मी चष्मा काढून पुसू लागलो.

"घ्या डॉक्टर," ते म्हणाले, "घड्याळ नाहीये."